कानामागची जागा

माझा चेहरा एके काळी पत्रीपुलापासून शहाडपर्यंत प्रसिद्ध होता. मला बघून रिक्षावाले सिग्नल विसरायचे असं मी सांगणार नाही, कारण सिग्नल लक्षात ठेवणारा रिक्षावाला कल्याणात मी अजून पाहिलेला नाही. आणि प्रसिद्धी रूपाचीही नव्हती. रूप आमच्या घराण्यात माझ्या आत्याला मिळालं आणि तिथंच संपलं. माझ्या चेहऱ्याची ख्याती होती सहनशक्तीची. त्याच्यावर काहीही फासा, कितीही वेळ ठेवा, वाफ द्या, बर्फ फिरवा, खरवडा, ओढा. तो हूं की चूं करायचा नाही.

हे कळलं ते ब्युटीशियनच्या क्लासमध्ये. कल्याण पश्चिमेला मोबाइलच्या कव्हरांचं एक दुकान आहे, त्याच्यावर पहिल्या मजल्यावर आमचा क्लास भरायचा. खोली इतकी लहान, की एकीनं आय-ब्रो करताना कोपर हलवलं तर दुसरीची लिपस्टिक कानापर्यंत जायची. पण मॅडमनी एक अख्खी भिंत आरशाची केलेली, त्यामुळे आम्ही जितक्या होतो त्याच्या दुप्पट दिसायचो आणि चौकशीला आलेल्या बायका आल्या पावली नाव नोंदवून जायच्या. मॅडम मूळच्या डोंबिवलीच्या. बोलणं स्वच्छ, साडी कडक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात आलं का, राण्यांनो?" आम्ही राण्या विठ्ठलवाडी, शहाड, उल्हासनगर, आंबिवलीहून यायचो आणि जिन्यावर चपला काढून राज्यात प्रवेश करायचो.

पहिल्या दिवशी मला वाटलेलं, कात्री हातात देतील. मॅडमनी फळ्यावर भिंत काढली.

"त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. पेशी म्हणजे विटा. विटांच्या मधली जी स्निग्धता, ते सिमेंट. पाणी आत धरून ठेवायचं आणि बाहेरची घाण बाहेर ठेवायची, हे त्या भिंतीचं काम. तुम्ही कितीही मोठ्या ब्युटीशियन झालात तरी पहिलं काम फेशियल नाही. पहिलं काम भिंत सांभाळणं. लक्षात आलं का, राण्यांनो?"

"मॅडम, आमच्या चाळीची भिंत मालकाला सांभाळता येत नाही, मी काय सांभाळणार?" मी म्हटलं. सगळ्या हसल्या. आमच्या घरामागून वालधुनी वाहते, आणि आमच्या भिंतीला बारा महिने अशी ओल असते, की खिळा ठोकला तर त्याला मोड येतील.

"तू पुढे बस," मॅडम म्हणाल्या. बडबड करणाऱ्या मुलीला पुढे बसवायची ही पद्धत शाळेतून निघून ब्युटी पार्लरपर्यंत कशी पोचली देव जाणे. पण पुढे बसले म्हणूनच डेमोच्या खुर्चीत पहिली मी गेले.

क्लासचा नियम होता, कुठलीही गोष्ट तोंडाला लावायच्या आधी पॅच टेस्ट. कानाच्या मागं थोडंसं लावायचं, थांबायचं, लाल झालं, खाज आली, तर ती गोष्ट त्या चेहऱ्याला चालणार नाही. मॅडमनी माझ्या कानामागं ब्लीच लावलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी मेलेली कातडी काढणारं, फळांच्या अॅसिडचं पील लावलं. काही नाही. एका मुलीला पपईनं सूज आलेली, एकीला कोरफडीनं पुरळ उठलेलं, आणि माझ्या कानामागं शांतता. मॅडमनी भिंग लावून पाहिलं, मग सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"ही बघा. नॉर्मल स्किन पुस्तकात असते असं मी म्हणत आले. आज खुर्चीत बसलेली आहे."

त्या दिवसापासून मी क्लासचा चेहरा झाले. सकाळची बॅच माझ्यावर क्लिन्झिंग शिकायची, दुपारची बॅच ब्लॅकहेड काढायला शिकायची, आणि ब्लॅकहेड नसले तरी काढायच्या. किती फेशियल झाले ह्याचा हिशोब ठेवला असता तर दोन-चार नट्यांना लाज वाटली असती. एकदा एका मुलीनं पील लावलं आणि ती खाली वडापाव आणायला गेली. वडे संपलेले, म्हणून ती नवा घाणा निघेपर्यंत थांबली. ती परत आली तेव्हा बाकीच्या माझ्याभोवती उभ्या राहून रडायच्या बेतात होत्या आणि मी विचारत होते, मिरची आणलीस का? तोंड धुतलं तर खाली चेहरा जसाच्या तसा, गुळगुळीत, जरा चकाकणारा. लोक नंतर सांगायचे की मी त्या दिवशी पील लावून विठ्ठलवाडीला घरी जाऊन आले. ही अफवा मीच पसरवलेली.

एकीनं मात्र वेगळंच केलं. शहाडची एक मैत्रीण होती माझी, तिचे वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. ही मुलगी कमी बोलायची आणि हात सावकाश चालवायची. तिनं एकदा कानामागं न लावता माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला टेस्ट लावली. तिथं रुपयाएवढा लाल गोल उठला.

"मॅडम, हिला लाल झालंय," ती म्हणाली.

मॅडमनी पाहिलं. "मच्छर चावला असेल. विठ्ठलवाडीची आहे ना."

"आमचे मच्छर एवढाच लाल करून सोडत नाहीत मॅडम, ते उचलून नेतात," मी म्हटलं. पुन्हा सगळ्या हसल्या. शहाडवाली हसली नाही. तिनं तो गोल कापसानं पुसला आणि माझ्याकडे बघत राहिली.

कोर्स संपत आला तेव्हा मॅडमनी जाहीर केलं, ठाण्याला आपली नवी ब्रँच निघतेय. मोठ्या रस्त्यावर, पुढं सगळी काच, आत एसी. आणि दारातल्या काउंटरवर कोण उभं राहणार, तर मी. "आल्या आल्या क्लायंटनी तुझा चेहरा बघितला पाहिजे, राणी. आपल्याला वेगळी जाहिरात नको." मी त्या दिवशी घरी गेले ती चालत गेले की उडत गेले मला ठाऊक नाही. आईला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि दूधवाल्याच्या मागच्या सीटवर बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगितलं. आमच्या घरात आतापर्यंत सगळ्यांनी मागंच काम केलेलं. वडील गोदामात, आई घरी बसून कार्डांवर टिकल्या चिकटवायच्या कामात, आत्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत. काचेच्या मागं दिवा लावून उभं राहणारी पहिली मीच असणार होते. आईनं त्या दिवशी बुद्धमूर्तीपुढं दोन मेणबत्त्या जास्त लावल्या.

कोर्सच्या शेवटी शेवटी मॅडमनी एक स्किनची डॉक्टरीण बोलावली. सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत बसणारी, केस बारीक कापलेली, चहा नको म्हणणारी. विषय होता, ब्युटीशियननं कशाला हात लावायचा नाही. ती सांगत होती, तीळ वाढला तर हात लावायचा नाही, जखमेला नाही, वांगावर स्वतःच्या मनानं काही द्यायचं नाही. डेमोला चेहरा लागला आणि अर्थात मी जाऊन पडले. मॅडम अभिमानानं म्हणाल्या, "डॉक्टर, ही आमची नॉर्मल स्किन."

डॉक्टरणीनं भिंगाचा दिवा माझ्या तोंडावर ओढला आणि बोलणं थांबवलं. मी डोळे मिटून पडलेले, मला वाटलं स्तुतीसाठी शब्द शोधतेय.

"गालावर हे बारीक केस कधीपासून?"

"वॅक्सला घेऊ तिला, डॉक्टर," मॅडम म्हणाल्या.

"जरा थांबा. नाकाच्या बाजूच्या ह्या लाल रेषा?"

"त्या आहेतच," मी म्हटलं.

"काय लावतेस तोंडाला?"

"काही नाही."

"रात्री झोपताना?"

"रात्री ट्यूब. पण ते लावण्यात धरत नाहीत हो. ती घरचीच आहे."

इथं घरच्या ट्यूबबद्दल सांगायला हवं. आईला माझ्या धाकट्या भावाच्या वेळी दोन्ही गालांवर वांग आलेलं. उल्हासनगरच्या कुठल्याशा डॉक्टरनं एक ट्यूब लिहून दिली आणि सांगितलं, थोडे आठवडे लावा, मग या. थोड्या आठवड्यांत वांग फिकं पडलं आणि तोंड असं उजळलं, की आई डॉक्टरकडे जायचं विसरली. ट्यूब संपली की खोक्याचं झाकण फाडून पर्समध्ये ठेवायचं, ते मेडिकलवाल्याला दाखवायचं, तो काही न विचारता नवी ट्यूब काउंटरवर ठेवायचा. डॉक्टरचा कागद कधीच विरला, झाकण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. आमच्या चाळीत कुणाकडे पत्रिका असो नसो, प्रत्येक बाईच्या पर्समध्ये ते झाकण असायचं. लग्न ठरलेली मुलगी आली की तिला आहेरासारखं द्यायचे. मी दहावीत असताना आईनं ट्यूबमधून वाटाण्याएवढं काढून माझ्या कपाळावर ठेवलेलं. तेव्हापासून रोज. आणि आई बजावायची, मानेपर्यंत लाव, कानामागं लाव, नाहीतर तोंड वेगळं आणि मान वेगळी दिसते, लोक म्हणतात काहीतरी लावते.

मी हे सगळं हसत हसत सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. तिनं ट्यूबचं नाव विचारलं, मी सांगितलं. आरशाच्या भिंतीत मला दुप्पट मुली दिसत होत्या आणि निम्म्या जणी जमिनीकडे बघत होत्या.

"ह्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे," डॉक्टरीण म्हणाली. "थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ते औषध आहे. वर्षानुवर्षं लावलं की त्वचा पातळ होते, नसा दिसायला लागतात, केस उगवतात. आणि सूज, लाली, खाज, सगळं दाबून टाकतं. तुला त्रास होत होता बाळा, दिसत नव्हता."

"पण पॅच टेस्ट?" मॅडमचा आवाज बारीक झालेला.

"कुठं केली?"

"कानामागं."

"आणि ही ट्यूब कुठपर्यंत लावते?"

माझा हात आपोआप कानामागं गेला. मग शहाडवाली बोलली. "आमच्या पप्पांच्या कंपनीत एकदा भोंग्याची वायर कापलेली निघाली. आग लागलेली, भोंगा वाजलाच नाही. लोक आत जेवत बसलेले."

"तसंच," डॉक्टरीण म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली, आणि मी ती अर्धी ऐकली. ती म्हणाली, ही ट्यूब स्वतःच्या मनानं एकदम बंद करायची नाही. ओपीडीत ये. हळूहळू कमी करावी लागते, बरोबर दुसरी औषधं द्यावी लागतात. मी ऐकलं, "बंद".

घरी जाऊन मी गॅलरीत उभी राहिले आणि सगळ्या चाळीला ओरडून सांगितलं. माझा आवाज मुळात असा, की आमच्याकडे भोंगा लावायची गरज नाही. "ऐका गं सगळ्या! ती ट्यूब विष आहे! मी आजपासून सोडली! तुम्ही पण सोडा!" बायका दारात आल्या, काहींनी तोंडाला हात लावून बघितला, काही आत गेल्या. समोरच्या काकू म्हणाल्या, "आधी तुझं बघू." सकाळी बघते तर आरशामागची ट्यूब गायब.

"विष म्हणालीस ना? वालधुनीत टाकली," आई म्हणाली. आमची आई अशी, तिला उद्या सांगितलं फ्रिज विष आहे तर तीही वालधुनीत जाईल.

मी म्हटलं, बरं झालं. ओपीडीला जाऊ निवांत. माझ्या चेहऱ्यानं वड्यांचा अख्खा घाणा निघेपर्यंत पील सोसलेलं. ट्यूब नसल्यानं त्याला काय होणार?

चार-पाच दिवसांत त्यानं दाखवलं काय होणार. इतकी वर्षं जे जे त्याच्यावर केलेलं, त्या सगळ्याबद्दल तो एकदम बोलायला लागला. आधी गाल गरम झाले. मग लाल. मग अशी आग, की मी गालावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. बरं, निघाला नसता. पण ठेवला होता, थंड वाटेल म्हणून, आणि तो टोचला म्हणून किंचाळले. डोळ्यांखाली सूज, हनुवटीवर पिवळ्या फोडांची रांग. पंखा लागला तर आग, घाम आला तर आग, ओढणी घासली तर आग. मी रडले तर डोळ्यांचं पाणी जिथून वाहिलं तिथं आग, म्हणून रडायचीही सोय नाही. आरसा आईनं भिंतीकडे तोंड करून लावला.

आणि आपण तर शिकलेल्या! क्लासमधल्या राण्या एकेक करून घरी आल्या. एकीनं मुलतानी मातीची पुडी आणली, एकीनं गुलाबपाणी, एकीनं कोरफडीचं पान कुंडीसकट आणलं, एक जण करंटनं तोंडात क्रीम मुरवायचं गॅल्व्हॅनिक मशीन घेऊन चढली. प्रत्येकीला काहीतरी लावायचं होतं. शहाडवालीनं सगळ्यांना दारातच थांबवलं. तिनं साध्या पेट्रोलियम जेलीची डबी काढली, बोटाच्या टोकानं जेवढ्यास तेवढं लावलं, आणि जवळ बसून कॅलेंडरच्या पानानं वारा घालत बसली. सनस्क्रीन, साधं क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर, बाकी सगळं बंद. स्क्रब नाही, वाफ नाही, मसाज नाही.

"आपल्याला किती काय काय शिकवलं गं," ती म्हणाली. "काहीच करायचं नाही, हे कुणी शिकवलं नाही."

"तू शिकव मला," मी म्हटलं. "मी चांगली विद्यार्थिनी आहे. पुढे बसते."

मग मॅडम आल्या. आमच्या चाळीचा जिना चढताना त्यांची साडी पहिल्यांदाच विस्कटलेली पाहिली मी. त्यांनी माझा हात हातात घेतला, तोंडाकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी खोटं सांगत नाही. मग म्हणाल्या, "राणी, उद्घाटन आठवड्यावर आलंय."

"मी ओढणी बांधून उभी राहीन मॅडम."

"पार्लरच्या दारात तोंड बांधून?"

मी ओढणी तोंडाला बांधून बघितली, आणि आगीनं लगेच सोडली.

"आत बस," त्या म्हणाल्या. "टॉवेल, वाट्या, स्टरलायझर, सगळं तू बघ. बरी झालीस की काउंटर तुझाच. ती काच आहे ना, बाहेरून सगळं दिसतं." आणि काउंटरवर? त्यांनी शहाडवालीकडे बघितलं. शहाडवालीच्या हातातलं कॅलेंडरचं पान थांबलं, मग पुन्हा हलायला लागलं.

त्या दिवशी दुपारी आई बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या मुठीत नवीन ट्यूब होती. खोकं टाकून ती नुसती ट्यूब माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्घाटनापुरती लाव. चार दिवसांत उतरेल सगळं. काउंटरवर एकदा उभी राहा, मग सोड सावकाश. डॉक्टरीण पण सावकाशच म्हणालेली ना?"

आई चुकीचं बोलत नव्हती, हाच त्रास. ट्यूब लावली असती तर खरंच उतरलं असतं. मी ती उघडली. वास ओळखीचा, लहानपणीच्या झोपेसारखा. बोटावर वाटाण्याएवढं घेतलं. आग अशी होती, की मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गार होईल. आणि बाहेर गॅलरीत समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, ज्यांना मी ओरडून सांगितलेलं. लोकांना वाटेल माझी मोठी तत्त्वं. तत्त्वं कसली? मी एवढा गाजावाजा करून सोडलेली गोष्ट गुपचूप परत लावायला मला लाज वाटली. मी बोट पायपुसण्याला पुसलं.

"नको आई."

आईचेही गाल आता लाल व्हायला लागलेले. तिनंही बंद केलेलं, आणि तिच्या आगीबद्दल घरात कुणी चौकशी केलेली नव्हती, मीसुद्धा नाही. "मग वाया कशाला घालवायची," असं म्हणून तिनं टोपण न लावताच ती उचलली, मोरीतल्या छोट्या आरशापुढं गेली, आणि स्वतःच्या तोंडाला लावली.

ओपीडीत आम्ही दोघी गेलो. डॉक्टरणीनं मला ओरडून घेतलं, मग औषधं लिहिली, मग सांगितलं, वर्ष लागेल, जास्तही लागेल, मधेमधे पुन्हा भडकेल. नाकाजवळच्या नसा आता राहतील. भिंत बांधायला वेळ लागतो, ती म्हणाली, आणि मला वाटलं मॅडमनीच तिला शिकवून पाठवलंय. आईलाही तिनं समजावलं, तुमचीही हळूहळू कमी करू. आई मान डोलावत होती. आई सगळ्या डॉक्टरांपुढं मान डोलावते. खाली उतरल्यावर ती औषधाच्या दुकानापाशी थांबली, आणि माझी औषधं घेतली, आणि स्वतःचीही. कुठली घेतली ते मी विचारलं नाही.

ठाण्याची ब्रँच छान निघाली. काचेच्या दारात शहाडवाली उभी असते, सावकाश बोलते, आणि क्लायंटना ती आवडते, कारण ती त्यांना नको त्या गोष्टी विकत नाही. मी मागं, पार्टिशनच्या आड. ट्यूबलाइट माझ्या तोंडाला सोसत नाही म्हणून तिथला दिवा काढून टाकलाय. टॉवेल गरम करायचे, वाट्या धुवायच्या, कुणाला काय लावायचं ते कालवून द्यायचं. सुरुवातीला मॅडम रोज विचारायच्या, आज कसं आहे? मग आठवड्यानं विचारायला लागल्या. आता सणाला विचारतात.

आवाज मात्र माझा पार्टिशन ओलांडून जातो. खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या बायकांना मी आतून गोष्टी सांगते. वालधुनीचा मच्छर एका हवालदाराला उचलून कसा घेऊन गेला. माझ्या आत्याच्या रूपामुळे अख्खी गाडी आंबिवलीला कशी चुकून थांबली. बायका हसून हसून पॅक तडकवतात. एकीनं एकदा विचारलं, "ही आत कोण आहे हो? बाहेर बोलवा ना तिला."

"ती लाजते," मॅडम म्हणाल्या.

मी लाजते! वाटी हातातून पडली माझ्या.

कल्याणच्या क्लासमध्येही बदल झालाय. आता पॅच टेस्टच्या आधी मॅडम प्रत्येक मुलीला विचारतात, रात्री झोपताना काय लावतेस? मी एकदा सामान पोचवायला गेलेले तेव्हा ऐकलं. ओळीनं सगळ्या म्हणत होत्या, "काही नाही, मॅडम." "काही नाही." "काही नाही." गुळगुळीत, जराशी चकाकणारी तोंडं. मॅडम वहीत टिकमार्क करत होत्या. मी ओढणीआडून म्हटलं, "घरची ट्यूब?" एकीनं माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांपासून खाली, जिथं ओढणी सुरू होते तिथपर्यंत, आणि पटकन नजर काढून घेतली.

मागच्या पौर्णिमेला आईबरोबर विहारात गेले. पांढरी साडी नेसले आणि पांढऱ्यावर माझं तोंड असं दिसत होतं, की पत्रीपुलावरची गाडी लाल सिग्नल समजून थांबली असती. आईचं तोंड शांत, उजळ. वंदना झाल्यावर समोरच्या काकू आल्या. त्यांच्या पोरीचं ठरलंय, मुलगा बदलापूरचा. आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते झाकण देता का? आमचं भिजून गेलं."

मी मधे पडले. "काकू, माझं तोंड बघा."

"बघतेय की गं रोज," काकू म्हणाल्या. आवाजात खरोखरची माया होती. "तुझं बघूनच तर पोरीला बजावलंय. एकदा सुरू केलीस ना, तर मेलीस तरी सोडायची नाही म्हटलं."

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते मला सगळं येत होतं, विटा, सिमेंट, भोंगा, वायर. आजूबाजूच्या दोघीतिघी माझ्याकडे बघून चुकचुकल्या आणि मान डोलावत काकूंच्या बाजूला सरकल्या.

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून झाकण काढलं, घड्या पडून मऊ झालेलं.

"मला उद्या लागणार आहे, फोटो काढून घे," आई म्हणाली. काकूंनी मोबाइल धरला. झाकण परत पर्समध्ये ठेवता ठेवता आईला आठवलं, म्हणून तिनं मागं वळून सांगितलं, "आणि पोरीला सांग, कानामागं पण लावायची. नाहीतर रंग वेगळा दिसतो."